टॉलेमींची भाऊबंदकी: गादी एक, नावं सारखी आणि घरातला प्रत्येक जण वारस

इ.स.पू. १४० नंतरच्या काळात इजिप्तमध्ये जमिनीचं खरेदीखत किंवा कर्जरोखा लिहायचा असला, की वर राज्यकर्त्यांची नावं साधारण अशी यायची: 'राजा टॉलेमी, राणी क्लिओपात्रा बहीण आणि राणी क्लिओपात्रा पत्नी, हे उपकारकर्ते देव'. मग वर्ष, महिना, तिथी आणि त्यानंतर मुद्द्याचा व्यवहार.

यातली 'बहीण' म्हणजे राजाची सख्खी बहीण, जी त्याची पहिली बायकोही होती आणि त्याच्या थोरल्या भावाची विधवाही. 'पत्नी' म्हणजे या बहिणीला थोरल्या भावापासून झालेली मुलगी. इंग्रजीत एक 'नीस' म्हटलं की काम भागतं. मराठीत सुटका नाही. भावाची मुलगी म्हणून ती राजाची पुतणी, बहिणीची मुलगी म्हणून भाची, बायकोची मुलगी म्हणून सावत्र मुलगी, आणि शिवाय बायको.

हा राजा म्हणजे आठवा टॉलेमी. त्याच्या घरातली भांडणं बहुतेक ठिकाणी विकृतीची मालिका म्हणून सांगितली जातात, आणि मसाला त्यात भरपूर आहे हे खरंच. पण हे घराणं इ.स.पू. ३०५ ते इ.स.पू. ३० असं पावणेतीनशे वर्षं टिकलं. त्यात शूर, आळशी, हुशार, विलासी असे सगळ्या स्वभावांचे राजे झाले, आणि भांडण मात्र जवळजवळ एकाच साच्याचं होत राहिलं. म्हणून माणसांच्या स्वभावाआधी घराची रचना तपासावी लागते.

आधी नावं

या घराण्यातल्या राजांचं नाव टॉलेमी. त्यांना लावलेले पहिला, दुसरा, आठवा हे आकडे आधुनिक अभ्यासकांच्या सोयीसाठी आहेत. त्या काळी कुणी 'आठवा टॉलेमी' म्हणत नसे. आकड्यांतही घोळ आहे: सातवा टॉलेमी म्हणून ज्या मुलाला धरलं जायचं, त्याने बहुधा राज्य केलंच नाही, पण आकडा तसाच राहून गेला. राण्या आणि राजकन्यांची नावं फिरून फिरून तीनच: अर्सिनोए, बेरेनिके, क्लिओपात्रा.

वेगळेपणा दाखवायला बिरुदं असत. फिलाडेल्फोस म्हणजे भावंडावर प्रेम करणारा, फिलोपेटर पित्यावर, फिलोमेटर आईवर. जो जे बिरुद लावतो, त्याचं अनेकदा त्याच नात्यात बिनसलेलं असतं, हे थोडं वाचलं की लक्षात यायला लागतं. राजधानी अलेक्झांड्रियाच्या लोकांनी आपली वेगळी टोपणनावं ठेवली होती. आठव्याला ते फिस्कॉन म्हणत, म्हणजे ढेरपोट्या. त्याचं अधिकृत बिरुद युएर्गेटेस, उपकारकर्ता. लोकांनी सुरुवात बदलून काकेर्गेटेस केलं, आपल्याकडे उपकारीचं अपकारी करावं तसं. नवव्याला लॅथिरोस म्हणत, म्हणजे हरभरा. बाराव्याला औलेतेस, पावा वाजवणारा. या लेखातही आठव्याला फिस्कॉन आणि नवव्याला लॅथिरोस म्हटलेलं बरं. त्याने निम्मा गोंधळ कमी होतो.

थोरला मुलगा म्हणजे वारस, असा नियमच नव्हता

घराण्याचा संस्थापक टॉलेमी हा सिकंदराचा मॅसेडोनियन सेनापती. इ.स.पू. ३२३ मध्ये सिकंदर बाबिलोनमध्ये वारला, सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतलं, आणि टॉलेमीने इजिप्त पदरात पाडून घेतलं. इ.स.पू. ३०५ च्या सुमारास तो स्वतःला राजा म्हणवू लागला.

मॅसेडोनियातून त्याने फौज आणली, भाषा आणली आणि वारसाची पद्धतही आणली. राजाला अनेक बायका असायच्या. गादीवर राजाच्या रक्ताचा पुरुष हवा, एवढंच ठरलेलं. त्यातला कोण, हे राजाची मर्जी, फौजेचा कौल आणि मुलाच्या आईचं वजन यांवर ठरायचं. त्यामुळे प्रत्येक राणी म्हणजे एक पक्ष होता आणि प्रत्येक मुलगा एक उमेदवार.

पहिल्या टॉलेमीची एक राणी युरिडिके, मॅसेडोनियाचा बलाढ्य कारभारी अँटिपेटर याची मुलगी. तिचा मुलगा वयाने मोठा. त्याला पुढे केराउनोस म्हणजे 'वज्र' हे नाव पडलं. युरिडिकेबरोबर तिच्या नात्यातली बेरेनिके नावाची एक विधवा इजिप्तला आली होती. राजाचं मन तिच्यावर बसलं आणि तिचा मुलगा पुढे सरकला. फालेरमचा डिमेट्रियस या दरबारातल्या सल्लागाराने राजाला सल्ला दिला, की युरिडिकेच्या मुलालाच गादी द्या. राजाने तो ऐकला नाही. इ.स.पू. २८५ च्या सुमारास बेरेनिकेच्या मुलाला त्याने आपल्या हयातीतच सहराजा केलं. तोच दुसरा टॉलेमी. गादीवर आल्यावर त्याने डिमेट्रियसला राजधानीतून घालवून दिलं.

हयातीत सहराजा नेमणं हा चांगला उपाय होता, कारण मृत्यूच्या दिवशी गादी रिकामी राहत नाही. पण डावललेल्या मुलाचं काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही. केराउनोस थ्रेसच्या लायसिमॅकस राजाकडे गेला. तिथे त्याची सावत्र बहीण अर्सिनोए राणी होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत लायसिमॅकसने स्वतःच्या कर्तबगार मुलाला ठार केलं, तो स्वतः इ.स.पू. २८१ मध्ये लढाईत पडला, आणि त्याला हरवणाऱ्या सेल्युकसचा खून केराउनोसने स्वतःच्या हाताने केला. मग विधवा अर्सिनोएशी लग्न करून त्याने तिच्या धाकट्या दोन मुलांना मारून टाकलं. इ.स.पू. २७९ मध्ये गॉल टोळ्यांशी लढताना तोही गेला.

या सगळ्यातून वाचलेली अर्सिनोए माहेरी परतली. माहेरी तिचा सख्खा भाऊ राज्य करत होता.

बहिणीशी लग्न: हिशोब काय होता

इ.स.पू. २७५ च्या सुमारास दुसऱ्या टॉलेमीने या बहिणीशी लग्न केलं. ती त्याच्याहून सुमारे आठ वर्षांनी मोठी. त्याची आधीची राणी, तीही अर्सिनोएच, कटाच्या आरोपावरून वरच्या इजिप्तमधल्या कॉप्टोसला धाडण्यात आली होती. ग्रीकांना हे लग्न सहज पचलं नाही. अथेन्समध्ये एकाच बापाच्या सावत्र भावंडांचं लग्न चालायचं, सख्ख्यांचं नाही. सोटाडेस नावाच्या कवीने यावर अश्लील ओळ रचली आणि पुढे त्याला शिशाच्या पेटीत घालून समुद्रात बुडवलं, असं जुने लेखक सांगतात.

आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न अनेक समाजांत चालतं, आणि त्यामागे घरातली जमीन, नातं, विश्वास घरातच राहावा हा हेतू असतो. टॉलेमींनी तोच विचार टोकाला नेला. परक्या राजाची मुलगी करून आणली, की तिच्यामागे सासरा, मेहुणे, फौज आणि हुंड्यात आलेल्या प्रांतांचे वाद येतात. आपली बहीण परक्याला दिली, की तिच्या मुलांचा आपल्या गादीवर हक्क निर्माण होतो. सख्ख्या बहिणीशी लग्न केलं तर दोन्ही दारं बंद. माहेर आणि सासर एकच.

परकी सोयरीक किती महाग पडू शकते, याचं उदाहरण त्याच राजाच्या घरात घडलं. त्याची मुलगी बेरेनिके सीरियाच्या दुसऱ्या अँटिऑकसला दिली. हुंडा एवढा, की तिला 'हुंडा आणणारी' असंच नाव पडलं. अँटिऑकसने आधीची राणी लाओडिके बाजूला केली होती. इ.स.पू. २४६ मध्ये तो वारला आणि लाओडिकेच्या माणसांनी बेरेनिकेला तिच्या लहान मुलासकट मारलं. तिचा भाऊ, तिसरा टॉलेमी, सैन्य घेऊन निघाला तो पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यातून एक मोठं युद्ध मात्र झालं.

शिवाय देव करून घेण्याचा फायदा होता. भाऊ-बहीण जोडीला 'भावंड देव' म्हणून पूजा सुरू झाली. अर्सिनोए वारल्यावर द्राक्षमळे आणि फळबागांच्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा तिच्या पूजेच्या नावाने वसूल होऊ लागला. म्हणजे राणीचं देवपण हा महसूल खात्याचाही विषय होता.

पण या लग्नाने एक दार बंद करताना दुसरं उघडलं. परकी राणी पतीच्या मर्जीने राणी असते, बहीण जन्माने असते. तिचे आई-बाप तेच, वंशावळ तीच, देवपण तेच. मग राजाशी बिनसलं तर ती कोपऱ्यात जाऊन का बसेल? ती स्वतः गादी मागेल. मध्यस्थी करायला काका, मामा, सासरा असा तटस्थ वडीलधारा उरत नाही, कारण सगळी नाती त्याच एका घरात गुंतलेली. ही त्रुटी दिसायला शंभर वर्षं लागली, कारण दुसऱ्या टॉलेमीला या बहिणीपासून मूल झालं नाही आणि तिसऱ्याने सख्ख्या बहिणीशी लग्न केलं नाही.

(या पिढीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच यवन राजांची नावं आहेत. त्यातला 'तुरमाय' हा दुसरा टॉलेमी मानला जातो आणि 'मक' किंवा 'मग' हा सायरीनचा मॅगास, म्हणजे दुसऱ्या टॉलेमीच्या आईला, बेरेनिकेला, पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा. अशोकाने ज्यांच्याकडे धम्मविजय पोहोचल्याचं लिहिलं, त्यातले दोघे एकाच आईचे मुलगे. यातल्या मॅगासने सायरीनमध्ये स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि भावावर चाल केली होती.)

कारभाऱ्यांचे दिवस

इ.स.पू. २२१ च्या सुमारास चौथा टॉलेमी गादीवर आला आणि कारभार सोसिबियस या मुरब्बी दरबाऱ्याकडे गेला. पहिल्याच काळात राजाची आई, भाऊ आणि काका असे तिघं मारले गेले. भावावर आंघोळीच्या वेळी उकळतं पाणी ओतलं, असं सांगतात. कारण सरळ आहे: आई तडफदार होती आणि धाकट्या मुलाला फौजेत मान होता.

हा राजा इ.स.पू. २०४ मध्ये वारला तेव्हा वारस जेमतेम सहा वर्षांचा होता. सोसिबियस आणि दुसरा दरबारी अगाथोक्लेस यांनी मृत्यूची बातमी दाबून ठेवली, राणी तिसऱ्या अर्सिनोएला मारवलं, आणि मग एक खोटं मृत्युपत्र वाचून दाखवलं. त्यात मुलाचे पालक म्हणून अर्थातच हे दोघे. पण त्यांनी एक गोष्ट हिशोबात धरली नव्हती: अलेक्झांड्रियाचा जमाव. राणीचं काय झालं हे कळल्यावर शहर उठलं, पोराला राजवाड्यातून बाहेर आणून लोकांसमोर बसवलं आणि अगाथोक्लेसच्या अख्ख्या कुटुंबाचे भर मैदानात तुकडे केले. इथून पुढे या घराण्याच्या प्रत्येक वादात हा जमाव एक पक्ष आहे. राजा नेमायला तो वारंवार पुढे येतो.

दोन भाऊ, एक बहीण

आता मुख्य भाग. पाचवा टॉलेमी इ.स.पू. १८० मध्ये वारला, विषाने असं म्हणतात. त्याची राणी पहिली क्लिओपात्रा, सीरियाच्या राजघराण्यातली. तिने चार वर्षं मुलांच्या वतीने कारभार नीट चालवला आणि इ.स.पू. १७६ मध्ये तीही गेली. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी: सहावा टॉलेमी, दुसरी क्लिओपात्रा आणि फिस्कॉन. थोरल्या भावाचं बहिणीशी लग्न लावलं गेलं. कारभार युलायस आणि लेनायस यांच्याकडे. एक नपुंसक दरबारी, दुसरा सीरियातून आलेला माजी गुलाम.

या दोघांनी सीरियाशी युद्ध काढलं. तिथला राजा चौथा अँटिऑकस म्हणजे या तिन्ही मुलांचा सख्खा मामा. युद्धाच्या तोंडावर दरबारात फूट पडू नये म्हणून इ.स.पू. १७० मध्ये तिघांनाही एकत्र राज्यकर्ते जाहीर केलं आणि वर्षगणना नव्याने सुरू केली. थोरल्याचं बारावं वर्ष ते तिघांचं पहिलं. थोरला तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास, धाकटा त्याहून दोनेक वर्षांनी लहान. तातडीची मलमपट्टी म्हणून हे ठीक होतं. पण यामुळे धाकटा कायमचा राजा होऊन बसला. एकदा राज्याभिषेक झालेल्या माणसाला परत नुसता राजपुत्र करता येत नाही. पुढच्या पन्नास वर्षांच्या भांडणाची वात इथे पेटली.

मामा आला, थोरला भाचा त्याच्या हाती लागला, आणि 'मी भाच्याचा पालक म्हणून लढतोय' अशी भूमिका त्याने घेतली. अलेक्झांड्रियाने धाकट्याला राजा केलं. मामा परत गेल्यावर भावंडांनी आपसांत मिटवलं, म्हणून मामा पुन्हा आला. शेवटी इ.स.पू. १६८ मध्ये राजधानीजवळच्या एल्युसिस इथे रोमचा दूत पोपिलियस लायनास त्याला भेटला. हातातल्या काठीने त्याने अँटिऑकसभोवती वाळूत वर्तुळ काढलं आणि सांगितलं, की बाहेर पाऊल टाकण्याआधी उत्तर द्या. मामा निघून गेला. त्या दिवसापासून घरातला वाद मिटवायचा असेल तर कुणाकडे जायचं, हे दोन्ही भावांना कळलं.

इ.स.पू. १६४ मध्ये फिस्कॉनने थोरल्याला हाकललं. थोरला रोमला गेला, मळक्या कपड्यांत, आणि ओळखीच्या एका चित्रकाराच्या पोटमाळ्यावर उतरला. नाटक असेल तर उत्तम होतं. पण त्याला परत आणलं ते अलेक्झांड्रियाच्या लोकांनी, कारण वर्षभरात त्यांना धाकटा असह्य झाला होता. मग वाटणी झाली: थोरल्याला इजिप्त आणि सायप्रस, धाकट्याला सायरीन, म्हणजे आजच्या लिबियाचा पूर्व किनारा.

वाटणीत धाकट्याला फसवल्यासारखं वाटणं हे ओघानेच आलं. त्याने रोममध्ये सायप्रस मागितलं. पुढे त्याच्यावर खुनी हल्ला झाला. तो रोमला गेला आणि सिनेटला अंगावरचे वण दाखवून म्हणाला, हे भावाने केलं. इ.स.पू. १५५ मध्ये त्याने एक मृत्युपत्र दगडावर कोरून घेतलं, आणि ते सायरीनमध्ये सापडलं आहे. मी निपुत्रिक वारलो तर राज्य रोमला, असा त्याचा मजकूर. दानशूरपणा नव्हे, हा विमा होता: मला मारून भावाला काहीच मिळणार नाही, हे सगळ्यांना वाचता यावं म्हणून तो दगडावर. युक्ती लागू पडली. पुढच्या पिढ्यांनी ती उचलली, आणि त्यातलं सायरीन खरोखरच इ.स.पू. ९६ मध्ये फिस्कॉनच्या अनौरस मुलाच्या मृत्युपत्राने रोमकडे गेलं.

इ.स.पू. १४५ मध्ये थोरला सीरियातल्या लढाईत घोड्यावरून पडून, डोक्याला मार लागून वारला. फिस्कॉन परत आला. बहीण राजधानीत होती आणि तिच्या बाजूने लोक होते. तोड निघाली ती ठरलेलीच: फिस्कॉनने तिच्याशी लग्न केलं. रोमन काळातला लेखक जस्टिन सांगतो, की लग्नाच्याच दिवशी त्याने तिच्या मुलाला तिच्या कुशीत ठार केलं. अनेक अभ्यासक ही कथा जशीच्या तशी मानत नाहीत. भावाच्या बाजूच्या लोकांवर मात्र त्याने सूड उगवला. अलेक्झांड्रियातले विद्वान परागंदा झाले, त्यात ग्रंथालयाचा प्रमुख अरिस्टार्कसही होता.

वर्षभरात बहिणीला त्याच्यापासून मुलगा झाला, मेम्फायटेस. थोड्याच वर्षांत फिस्कॉनने तिच्या मुलीशीही लग्न केलं, आणि पहिलीला सोडलं नाही. सोडणार कसा? ती बाहेर पडली असती तर अर्धं राज्य घेऊन पडली असती. म्हणून दोघींना वेगळं ओळखायला कागदपत्रांत 'बहीण' आणि 'पत्नी'. आई आणि मुलगी सवती झाल्या, आणि दोघींना मुलगे होते. या बिंदूवर युद्ध न होणं हेच आश्चर्य ठरलं असतं.

कागदावरचं वर्ष बघा

इ.स.पू. १३२ च्या सुमारास ते पेटलं. अलेक्झांड्रियाने बहिणीची बाजू घेतली. फिस्कॉन धाकट्या राणीला आणि मुलांना घेऊन सायप्रसला पळाला. सायप्रस आणि सायरीन ही या घराण्याची दोन मागची दारं. हरलेल्याला तिथे आरमार, पैसा आणि जमवाजमव करायला वेळ मिळायचा. त्यामुळे कुठलाच पराभव शेवटचा नसायचा.

बहिणीने एकटीच्या नावाने वर्षगणना सुरू केली: वर्ष १, वर्ष २. फिस्कॉन मात्र इ.स.पू. १७० पासून, जणू मधे भावाचं राज्य झालंच नाही अशा थाटात मोजत होता, त्यामुळे त्याची चाळिशी आली होती. एकाच महिन्यातल्या दोन खरेदीखतांवर एकीकडे 'वर्ष २' आणि दुसरीकडे 'वर्ष ४०' दिसलं, तर ती गावं कुणाच्या ताब्यात होती हे कळतं. आज या युद्धाचा नकाशा मुख्यतः असाच बनवतात. गावच्या कारकुनासाठी मात्र हा जिवाचा प्रश्न होता. चुकीचं वर्ष घातलं तर दस्त रद्द होण्याची भीती, आणि वर फितुरीचा शिक्का.

एका सैनिकाचं पत्र टिकलं आहे. एस्थ्लाडास नावाचा, १५ जानेवारी इ.स.पू. १३० ला आई-वडिलांना लिहितो: धीर धरा, जपून राहा, पाओस पुढच्या महिन्यात पुरेशी फौज घेऊन नदीने वर येतोय, हर्मोन्थिसच्या बंडखोरांचा बंदोबस्त करायला. पत्रावर वर्ष आहे ४०. म्हणजे मुलगा फिस्कॉनकडून लढतोय. पाओस हे नाव ग्रीक नसून इजिप्शियन आहे. दक्षिणेचा एवढा मोठा अधिकार स्थानिक माणसाला मिळणं ही नवी गोष्ट होती. भावंडं भांडायला लागली की खालच्यांचा भाव वाढतो. त्याच सुमारास थीब्जमध्ये हर्सिएसिस नावाचा एक इजिप्शियन थेट फेअरो म्हणून उभा राहिला होता, तो थोडाच काळ टिकला.

बहिणीच्या पक्षाला एक पुरुष राजा लागणार, आणि तो मेम्फायटेस असू शकतो, हे फिस्कॉनने ओळखलं. मुलगा तेव्हा बारा-चौदा वर्षांचा आणि बापाच्याच ताब्यात. त्याने त्याला मारलं, तुकडे केले, डोकं आणि हातपाय पेटीत घातले आणि ती पेटी बहिणीच्या वाढदिवसाला पोहोचेल अशी पाठवली. तिने ते लोकांना दाखवलं. जुने लेखक यात फक्त क्रौर्य बघतात. त्यात गणितही होतं: आता बहिणीकडे वारस उरला नाही.

फिस्कॉनने राजधानी परत घेतली. बहीण खजिना घेऊन सीरियाच्या जावयाकडे गेली. आणि मग इ.स.पू. १२४ मध्ये ती परत आली, आणि तिघांची नावं पुन्हा पूर्वीच्याच क्रमाने दस्तांवर दिसू लागली. मुलाची पेटी मिळालेली बाई त्याच माणसाशेजारी पुन्हा राणी म्हणून बसते, हे आपल्या मनाला पटत नाही. पण तिच्याशिवाय अलेक्झांड्रिया शांत राहत नव्हतं, आणि त्याच्याशिवाय तिला फौज नव्हती.

मोडलेलं सावरायला इ.स.पू. ११८ च्या एप्रिलमध्ये तिघांच्या नावाने एक लांबलचक फर्मान निघालं. खून आणि मंदिरातली चोरी सोडून सगळे गुन्हे माफ. पळून गेलेल्यांनी घरी यावं, जुने धंदे करावेत. कराची थकबाकी माफ. अधिकाऱ्यांनी लोकांना फुकट राबवू नये. पवित्र एपिस बैलाच्या अंत्यविधीचा खर्च सरकारी तिजोरीतून. ग्रीक भाषेतल्या करारांचे वाद ग्रीक न्यायाधीशांकडे, इजिप्शियन भाषेतल्यांचे इजिप्शियन न्यायाधीशांकडे. यातली प्रत्येक माफी उलटी वाचली, की युद्धात गावांचं काय झालं होतं ते दिसतं: ओस पडलेली शेतं, वेठबिगार, थकलेला कर. हे फर्मान आपल्याला मिळालं ते मगरींच्या ममींमध्ये भरलेल्या रद्दी पपायरसमधून, टेब्टुनिस या गावी.

मृत्युपत्रातली चूक

इ.स.पू. ११६ मध्ये फिस्कॉन वारला. इतका धूर्त माणूस, पण मृत्युपत्रात त्याने राज्य धाकट्या राणीला, म्हणजे तिसऱ्या क्लिओपात्राला दिलं आणि दोन मुलांपैकी कुणाला सोबत घ्यायचं ते तिच्यावर सोडलं. म्हणजे वारस कोण हा प्रश्न बंद करायच्या जागी तो रोज उघडा राहील अशी सोय केली. तिला धाकटा हवा होता, लोकांनी थोरला लॅथिरोस गळ्यात मारला. मग दस्तांवर आईचं नाव आधी, मुलाचं नंतर. तिने त्याला त्याच्या आवडत्या बहीण-बायकोपासून वेगळं करून दुसऱ्या बहिणीशी लावून दिलं. सोडलेली बहीण सीरियात गेली, तिथल्या एका राजाशी लग्न केलं आणि तिथे आधीच दुसऱ्या राजाची राणी असलेल्या सख्ख्या बहिणीच्या हुकमाने मारली गेली. ती बहीणही वर्षभरात गेली.

इ.स.पू. १०७ मध्ये, लॅथिरोस आपल्याला मारायला निघाला आहे, अशी हाकाटी आईने केली. जमाव धावला, तो पळाला, सायप्रसहून धाकटा आला. दस्तांवर लगेच दुहेरी आकडा: 'वर्ष ११, जे वर्ष ८ सुद्धा आहे', आईचं अकरावं, मुलाचं सायप्रसपासून मोजलेलं आठवं. इ.स.पू. १०१ मध्ये आई वारली. या लाडक्या मुलानेच मारलं, असं जुने लेखक लिहितात. फौजेला द्यायला पैसे नव्हते तेव्हा याच राजाने सिकंदराची सोन्याची शवपेटी काढून त्याजागी काचेची ठेवली, ही गोष्ट लोकांनी कधी माफ केली नाही.

या काळातली एक गंमत. युडॉक्सस नावाचा ग्रीक एका भारतीय खलाशाच्या मार्गदर्शनाने थेट भारतात जाऊन मसाले आणि रत्नं घेऊन परतला. फिस्कॉनने सगळा माल काढून घेतला. पुढे राणीने त्याला पुन्हा पाठवलं. परत आला तोवर राणी जाऊन मुलगा गादीवर. त्यानेही माल काढून घेतला. घरात पटत नसलं तरी जकातीच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं.

उरलेलं घर रोमच्या दारात

इ.स.पू. ८० मध्ये रोमच्या सुल्लाने पाठवलेला अकरावा टॉलेमी आला, लोकप्रिय राणी तिसऱ्या बेरेनिकेशी लग्न केलं, एकोणीस दिवसांत तिचा खून केला, आणि जमावाने त्याला फाडलं. औरस पुरुष वारस संपले. लॅथिरोसचा मुलगा औलेतेस गादीवर आला, पण त्याची आई कोण हे अनिश्चित. अशा राजाला मान्यता विकत घ्यावी लागते. इ.स.पू. ५९ मध्ये रोमचे बडे पुढारी सीझर आणि पॉम्पी यांना त्याने सुमारे ६,००० टॅलेंट दिले. एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी. पैसा कर्जाने काढलेला, वसुली प्रजेकडून. पुढच्याच वर्षी प्रजेने त्याला हाकललं आणि मुलगी चौथी बेरेनिके राणी झाली. तिला नवरा हवा म्हणून सीरियातून एक आणला. लोक त्याला खारे मासेवाला म्हणत. काही दिवसांत तिने त्याला गळा दाबून मारवलं. इ.स.पू. ५५ मध्ये १०,००० टॅलेंटच्या बोलीवर रोमन सेनापती गॅबिनियसने औलेतेसला परत बसवलं. त्याने मुलीला मारलं, आणि सावकार राबिरियसला थेट अर्थमंत्री नेमलं.

त्याचं मृत्युपत्र: थोरली मुलगी आणि थोरला मुलगा मिळून राज्य करतील, देखरेख रोमची. ही थोरली मुलगी सगळ्यांच्या ओळखीची सातवी क्लिओपात्रा. तिच्या घरातला हिशोब जुन्याच साच्याचा. एक भाऊ तेरावा टॉलेमी इ.स.पू. ४७ मध्ये नाईलमध्ये बुडाला. दुसरा इ.स.पू. ४४ मध्ये वारला, विषाने असा आरोप. बहीण अर्सिनोएला इ.स.पू. ४१ मध्ये इफेससच्या मंदिरातून ओढून मारलं. इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्रा गेली आणि रोमचा नवा सत्ताधीश ऑक्टेव्हियन याने तिच्या व सीझरच्या मुलाला, सीझेरियनला, संपवलं.

तिची रोमन सेनापती अँटनीपासून झालेली मुलगी क्लिओपात्रा सेलेने मात्र वाचली. तिचं लग्न मॉरिटानियाच्या जुबा राजाशी झालं, आणि मुलाचं नाव तिने टॉलेमी ठेवलं. तो राजा झाला. इ.स. ४० मध्ये रोमच्या कॅलिग्युलाने त्याला ठार करवलं. कॅलिग्युलाची आजी अँटोनिया हीसुद्धा अँटनीचीच मुलगी, म्हणजे सेलेनेची सावत्र बहीण. नात्याने हा शेवटचा टॉलेमी मारेकऱ्याच्या वडिलांचा मावसभाऊ लागत होता.